सूप, मुसळ आणि पक्की शाई

बोरटाकळी खुर्द, ता. अंबड, जि. औरंगाबाद
रविवार, दि. ५ नोव्हेंबर १९७८

चि. गिरिजास साहेबराव भिवा खरात याचा सप्रेम जयभीम.

तुझे २९ तारखेचे पत्र गुरुवारी दुपारी पावणेबारा वाजता मिळाले. पोस्टमन साडेबारा म्हणतो, पण त्याचे घड्याळ पुढे आहे.

वहिनी खरंच निवडणुकीला उभी आहे का, असे तू विचारलेस. आहे. ग्रामपंचायतीचे मतदान ३ डिसेंबरला. जागा नऊ. सरपंच काकासाहेबांचे पॅनेल नऊ जणांचे आणि विरोधात बायांचे पॅनेल, तेही नऊ जणींचे. त्र्याहत्तरच्या दुष्काळात शहागडच्या रस्त्यावर खडी फोडायला गेलेल्या त्याच या. तिथे धुळीने सगळ्या सारख्याच पांढऱ्या झाल्या. मराठ्यांच्या कोणत्या आणि आपल्या कोणत्या हे मुकादमालाही ओळखू येईना. तेव्हापासून त्यांचे जमले. पुढारी नंदाबाई. तुझी वहिनी मालन वॉर्ड क्रमांक दोनमधून उभी आहे.

भांडण हापशाचे आहे. दुष्काळात सरकारने गावासाठी हापसा मंजूर केला, तो काकासाहेबांच्या दारासमोर पाडला गेला आणि पुढल्या वर्षी दाराभोवती भिंत आली. हापसा आत, गाव बाहेर. फाटक उघडेल तेव्हा पाणी. आपल्या वस्तीसाठी ते सर्वांत शेवटी उघडते, हे तुला सांगायला नको.

आता मुद्दा. मागच्या निवडणुकीत या गावातल्या बायांची ३१ मते बाद झाली. मोजणीला मी स्वतः हजर होतो. कुणी शिक्का पाठीमागच्या बाजूला मारला. कुणी दोन्ही चिन्हांवर मारला, का तर कुणाला वाईट वाटायला नको. एकीने मतपत्रिकेला हळदकुंकू वाहून पेटीत टाकली. म्हणून मी १२ तारखेला बायांच्या मतदानाची रंगीत तालीम घेणार आहे. पेटी, यादी, पडदा, शिक्का सगळे तयार केले. पडदा म्हणजे तुझ्या वहिनीचे लुगडे, त्यातले सात हात. फक्त शाई राहिली.

मतदानाच्या शाईत चांदीचे मीठ असते असे मी एका जुन्या मासिकात वाचले आहे, पान ४१. फोटोवाल्यांकडे ते मिळते. तुझ्या मस्तगडात फोटोवाला आहे. एक तोळा पाठव. जल्दी.

तुझा दादा,
साहेबराव भिवा खरात
(उर्दू तिसरी पास, मराठी स्वयंशिक्षित)

•

मस्तगड, जालना
८ नोव्हेंबर

ती. दादांना गिरिजाचा जयभीम.

प्रसूतिगृहातली ड्यूटी संपवून तशीच फोटोवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "बाई, हे कशाला पाहिजे?" मी म्हटलं, आमच्या दादांना निवडणूक घ्यायचीय. त्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं काही सांगितलंच नाही.

पुडी गावाहून आलेल्या माणसाबरोबर पाठवली आहे. पण दादा, त्यानं मला त्याचे हात दाखवले. दिवाळीआधीचे डाग आहेत आणि अजून काळेकुट्ट. तालमीला एवढं खरं काय करायचंय? कपड्याची नीळ लावा की. संध्याकाळी भांडी घासली की निघून जाईल.

वहिनीला सांगा, तिला मत द्यायला मी तिकडं असायला पाहिजे होते.

तुमची,
गिरिजा

•

बोरटाकळी खुर्द
सोमवार, दि. १३ नोव्हेंबर १९७८

चि. गिरिजास सप्रेम जयभीम.

तालीम यशस्वी झाली. अहवाल देतो.

स्थळ: समाजमंदिराचा ओटा. वेळ: सकाळी ८ ते दुपारी १२.२०. गावात स्त्री मतदार १२४, हजर ११७. खऱ्या उमेदवारांची नावे घेतली असती तर तिथेच भांडणे झाली असती, म्हणून उमेदवार दोनच ठेवले: सूप आणि मुसळ. दोन्ही वस्तू टेबलावर मांडल्या होत्या. प्रत्येकीचे नाव यादीत तपासले, डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला शाई लावली, मग मतपत्रिका दिली. नीळ लावली असती तर बायांना वाटले असते हा खेळ आहे. खेळ आणि तालीम यांत फरक असतो, गिरिजा. तालमीत चूक झाली तर ती खरी चूक असते.

निकाल: सूप ७४, मुसळ ४१, बाद १. पेटीत ११६ निघाल्या. एक गयाबाईंनी घरी नेली. म्हणाल्या, "चांगला कोरा कागद हाय, पेटीत घालून काय करू?" ३१ वरून १ वर आलो, ही प्रगती लिहून ठेवण्यासारखी आहे आणि मी ती लिहून ठेवली आहे.

मी रीतसर जाहीर केले, "सूप विजयी." तर मुसळाच्या बाजूच्या उषाबाई उठल्या. "फेरमोजणी करा." केली. तेवढीच आली. मग सुपाच्या बाजूच्या विचारू लागल्या, "सूप आता काय करणार?" मी म्हटलं, काही करणार नाही, ही तालीम आहे. तेव्हा नंदाबाई म्हणाल्या, "निवडून येऊन काहीच करायचं न्हाई, तर मंग काकासाहेबच काय वाईट होते?" दीड तास सभा लांबली. शेवटी सुपाने दर आठवड्याला एकेकीच्या घरी जावे असे ठरले. या आठवड्यात ते आमच्याकडे आहे.

कागदपत्रे (यादी, मतपत्रिका, निकालपत्रक) लाखेने बंद केली. उरलेली शाई (निळ्या शाईत चांदीचे मीठ) बाटलीत भरून कोनाड्यात ठेवली आणि वर चिठ्ठी लावली: "मतदानाची शाई. पक्की. हात लावू नये." तुला माहीत आहे, माझ्या घरात चिठ्ठीशिवाय वस्तू नाही. मिठावर मीठ, डाळीवर डाळ, दारावर दार. मोठेपणी अक्षरे शिकलो ती अशीच पक्की केली. मालनला त्याचा उपयोग नाही, पण शिस्त राहते.

तुझा दादा

•

मस्तगड, जालना
१६ नोव्हेंबर

ती. दादा,

तुमचा अहवाल प्रसूतिगृहातल्या चौघीजणींना वाचून दाखवला. दोघी सुपाच्या निघाल्या, दोघी मुसळाच्या. आता त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

पण एक विचारते. खरं मतदान ३ तारखेला. बोटाला शाई असली की मत देऊन झालं, असं धरतात ना? मग त्या ११७ बोटांचं काय? शाई निघाली का?

गिरिजा

•

बोरटाकळी खुर्द
सोमवार, दि. २० नोव्हेंबर १९७८

चि. गिरिजास जयभीम.

नाही निघाली.

लिंबू, राख, चिंच, रॉकेल, शेण, वीट आणि कारल्याचा रस, सात उपाय झाले. कातडीवरचा डाग फिकट होईल, पण नखात गेलेली शाई नखाबरोबरच जाईल. मालनचे नख मी पट्टीने रोज मोजत आहे. आठ दिवसांत एक सूतही वाढले नाही. या वेगाने डाग जायला होळी येईल. मोजताना तिने हात ओढून घेतला. नखे मोजलेली तिला आवडत नाहीत असे दिसते.

शनिवारी हापशावर सरपंचाचा पुतण्या भुजंग उभा होता. घागरीवरची बोटे पाहिली आणि पळत आत गेला. आता गावभर झाले आहे. ज्यांचे मत होऊन गेले त्यांना पुन्हा मत नाही. ११७ गेल्या म्हणजे बायांचे पॅनेल गेले, म्हणजे हापसा आणखी पाच वर्षे भिंतीच्या आत. नंदाबाई माझ्या दारात येऊन एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, काकासाहेबांना जे चाळीस वर्षांत जमलं न्हाई ते तुम्ही चार तासांत केलं." त्यांचा हिशेब चुकीचा आहे, ते सरपंच होऊन बावीस वर्षे झाली. मी वहीत तसे दुरुस्त करून लिहिले.

आणखी एक. काल काकासाहेब स्वतः आले होते. त्यांना तहसीलला अर्ज द्यायचा आहे की शाई असलेल्या कोणाही मतदारास मतपत्रिका देऊ नये. त्यांचे मागचे तीन अर्ज चुकांमुळे परत आलेले. माझा अर्ज आजवर परत आलेला नाही. तेव्हा तो अर्ज बुधवारी मी लिहिणार आहे.

दादा

•

मस्तगड, जालना
२२ नोव्हेंबर

दादा,

तुम्ही शुद्धीवर आहात ना?

वहिनी उमेदवार. तिचं मत काढून घ्यायचा अर्ज तुम्ही लिहिणार? त्या माणसाच्या दारात आपल्या बाया तास-तास घागरी घेऊन उभ्या राहिल्या. आणि त्याला अर्ज जमत नाही म्हणून तुम्ही लिहून देणार? त्याला चुकू द्या ना! चौथ्यांदा परत येऊ द्या!

लिहू नका. हे पत्र मिळेल तिथं थांबा. मी नर्स आहे दादा. बिनचूक कापलं म्हणजे बरोबर कापलं असं नसतं.

गिरिजा

•

बोरटाकळी खुर्द
शनिवार, दि. २५ नोव्हेंबर १९७८

चि. गिरिजास जयभीम.

तुझे पत्र काल मिळाले. अर्ज बुधवारीच झाला. तुझा राग मी समजू शकतो, पण अर्ज कुणाचा हे मी पाहत नाही, अर्ज कसा आहे हे पाहतो. वैद्य रोग्याची जात विचारतो का? (हे मी मालनलाही सांगितले. ती तीन दिवस बोलत नव्हती. माझे म्हणणे तिला पटले असावे.)

परंतु पुढे जे घडले ते विचित्र आहे, तेव्हा क्रमाने सांगतो.

अर्जाखाली गावातल्या पुरुषांची नावे हवी होती. काकासाहेबांनी दवंडी दिली, "ज्याचं बोट कागदावर न्हाई, त्याची घागर हापशावर न्हाई." त्यामुळे आपल्या वस्तीतलेही आले. काय करतील? १३१ पैकी १२१ जण आमच्या ओट्यावर. काही सही करणारे, काही अंगठेबहाद्दर. मी म्हटले, असे मिश्रण चालणार नाही, एकसारखेपणा पाहिजे. शिवाय तक्रार डाव्या हाताच्या पहिल्या बोटाची, तेव्हा पुरावाही त्याच बोटाचा. सर्वांनी तेच बोट उठवावे. भुजंग म्हणाला, "काका, हे बराबर हाय का?" काकासाहेब म्हणाले, "साहेबरावाचं कधी चुकलंय का? गप उठव." त्यांनी स्वतः पहिले उठवले.

शिक्क्याची गादी वाळली होती. मी आत आवाज दिला, "मालन, कोनाड्यातली शाई आण." तिने आणली. एक शब्द न कुरकुरता. मी कागदावर अनुक्रमांक टाकत होतो, मान वर करायला सवड नव्हती, म्हणून एकेकाचे बोट ती स्वतःच बुडवत होती. अगदी नखाच्या मुळापर्यंत, सराव असल्यासारखी. भुजंगाने पाच वाजताच्या गाडीने अर्ज अंबडला नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हे वर आली आणि १२१ बोटे काळी झाली.

गावात आधी रोग समजले. दोघे कुंभार पिंपळगावच्या डॉक्टरकडे जाऊन आले. माझे पहिले अनुमान असे होते की बायांच्या बोटातली शाई भाकरीच्या पिठात उतरून पुरुषांच्या बोटांत गेली असावी. यावर दीड पान लिहिले. मग कोनाडा पाहिला. दोन बाटल्या होत्या. एकीवर "शाई. निळी. लिहिण्याची." दुसरीवर तुला माहीतच आहे. निळी भरलेली होती.

मी मालनला रागावलो नाही. निरक्षर माणसाला बाटली बाटलीसारखी दिसणार. दोष तिचा नाही, शिक्षणाच्या अभावाचा आहे. तिला तसे समजावले. ती पदर तोंडाला लावून बराच वेळ भिंतीकडे वळून बसली. तिचे खांदे हलत होते. फार वाईट वाटले तिला.

आता मोजणी अशी. गावात मतदार २५५. काळी बोटे ११७ अधिक १२१, म्हणजे २३८. कोरी बोटे १७. ग्रामपंचायत हे सतरा जण निवडणार. त्यात एक मी, पाच आजारी, चार परगावी. बाकीच्यांत बहिरा कचरू, त्याला दवंडी ऐकू गेली नव्हती. सत्तर वर्षांत त्याला कुणी जेवायला बोलावले नाही. काल दुपारी एका घरी पुरण, दुसऱ्या घरी कोंबडी. त्याला वाटते आहे आपण लवकर मरणार आणि गावाला ते कळले आहे.

काकासाहेब पुन्हा आले होते. "अर्ज मागे घ्यायचाय. तसा अर्ज लिही." मी म्हटलं, अर्जात एकही चूक नाही. मागे घेण्यास कारण काय दाखवू?

दादा

•

मस्तगड, जालना
२८ नोव्हेंबर

ती. दादा,

तुमचं पत्र ड्यूटीवर वाचलं आणि हसता हसता खाली बसले. डॉक्टरीणबाईंना वाटलं मलाच कळा सुरू झाल्या.

एक काम करा. सुपाच्या निवडणुकीची लाखबंद कागदपत्रं मतदानाला बरोबर न्या. का ते मलाही ठाऊक नाही. पण तुमचे कागद आहेत, कुठंतरी उपयोगी पडतीलच.

आणि वहिनीला माझा जयभीम सांगा. दोनदा सांगा.

गिरिजा

•

बोरटाकळी खुर्द
मंगळवार, दि. ५ डिसेंबर १९७८

चि. गिरिजास सप्रेम जयभीम.

निवडणूक पार पडली. किंबहुना दोन पार पडल्या.

तहसीलचा हुकूम ३० तारखेलाच आला होता: "अर्जदारांची विनंती मान्य. बोटास खूण असलेल्या मतदारास मतपत्रिका देऊ नये." काकासाहेबांनी मागे घेण्याचा अर्ज स्वतः लिहून नेला, तो चार चुकांसाठी परत आला. मी नंतर पाहिला. खरे तर सहा होत्या.

रविवारी सकाळी शाळेत मतदान. केंद्राध्यक्ष म्हणून अंबडकडचे एक गुरुजी, चष्मेवाले, अतिशय नियमाचे. मला ते पाहताक्षणी आवडले. रांगेत पहिले काकासाहेब, पांढरा फेटा बांधून.

गुरुजी म्हणाले, "बोट." पाहिले. "तुमचं मत होऊन गेलंय."

"अहो, आत्ता तर दार उघडलं!"

"बोट सांगून राह्यलं."

"मी सरपंच आहे या गावचा!"

"मग तर तुम्हाला नियम ठाऊक पाहिजे. हा हुकूम पाहा. खाली पहिलं नाव कुणाचं आहे?"

काकासाहेबांनी आपलेच नाव पाहिले. मागून नंदाबाई म्हणाल्या, "वाचा की मोठ्यानं. आमाला बी ऐकू द्या."

दहा वाजेपर्यंत मते पडली दोन. एक माझे, एक कचरूचे. मैदानात दोनशेवर माणसे आपापल्या बोटांकडे पाहत उभी. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि या गावाच्या इतिहासात प्रथमच दोन्हीकडचे हाल बिलकुल सारखे.

गुरुजींनी नियमाचे पुस्तक चाळले. मग म्हणाले, "एक वाट आहे. थोड्याच दिवसांपूर्वी दुसरी निवडणूक झाली असेल आणि तिची शाई राहिली असेल, तर मधल्या बोटाला लावता येते. पण तशी निवडणूक झाल्याचा कागद पाहिजे. झालीय का इथं निवडणूक?"

मी लाखबंद पाकीट टेबलावर ठेवले.

गिरिजा, त्यांनी ते उघडले आणि पान अन् पान वाचले. यादी, शेरे, निकालपत्रक. मग म्हणाले, "इतकं स्वच्छ दप्तर मी तहसीलला पाहिलं नाही." हे वाक्य मी तारीख घालून लिहून ठेवले आहे. "पण गावच्या सरपंचानं लिहून दिलं पाहिजे, की ही निवडणूक खरी होती."

काकासाहेब लाल झाले. "मी लिहून देऊ? की सूप निवडून आलं?"

"चौऱ्याहत्तर मतांनी," मी म्हटले.

"भाऊजी, फेरमोजणीनंतर बी चौऱ्याहत्तरच," नंदाबाई म्हणाल्या.

शेवटी काकासाहेबांनी लिहून दिले. काय करतील? भुजंग कानाशी लागला होता की आपलीच १२१ बोटे अडकली आहेत. "सूप हे रीतसर बहुमताने निवडून आले असून मला मान्य आहे." खाली सही, शिक्का.

लगेच बाया सुटल्या. पण पुरुष? गुरुजी म्हणाले, "या दप्तरात पुरुषांचं मतदान दिसत नाही. यांची शाई कुठून आली?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. काकासाहेब हात जोडून म्हणाले, "साहेबराव, एका ओळीचं तर काम आहे. लिही की आम्ही बी मतं दिल्ती."

ती एक ओळ मी लिहिली नाही. माझ्या दप्तरात खोटे जाणार नाही, मग ती सुपाची निवडणूक का असेना. मी म्हटले, ज्यांना मत दिल्याचे म्हणायचे आहे त्यांनी मत द्यावे.

मग तिथेच, शाळेच्या मैदानात, १२१ पुरुषांनी सूप आणि मुसळ यांतून एकाची निवड केली. रांगेत. पडद्याआड. उषाबाईंनी घरून मुसळ आणले, सूप त्या आठवड्यात नंदाबाईंकडे होते. पन्नास मिनिटे लागली. चेष्टा कुणी केली नाही. भुजंग पडद्याआडून परत येऊन विचारून गेला, "सूप काय करतं म्हणले होते?" मी दप्तरात शेरा मारला: "शाई आधी, मत नंतर." गुरुजींनी तो वाचून मान डोलावली.

निकाल सांगायलाच हवा. पुरुषांची मते: मुसळ ७९, सूप ४२. एकूण मुसळ १२०, सूप ११६. चार मतांनी मुसळ विजयी, सुपाची निवड रद्द. उषाबाईंनी मैदानाला एक चक्कर मारली. काकासाहेबांना मागचे लिहून दिलेले खोडून नवे लिहून द्यावे लागले.

मग मधल्या बोटाला शाई लावून खरे मतदान झाले. बायांची मते १२१. बाद, गिरिजा, एकही नाही. गयाबाईंनीही पेटीतच टाकली.

काल मोजणी झाली. बायांच्या पॅनेलला नऊपैकी पाच जागा. मालन तीन मतांनी आली. सरपंच नंदाबाई होतील. हापसा उपटून हलवता येत नाही, जमिनीतले पाणी जागचे हलत नाही. तेव्हा पहिल्या सभेत असा ठराव येणार आहे की हापसा आहे तिथेच राहील आणि काकासाहेबांची भिंत नऊ हात मागे जाईल.

आता माझ्यावर एक जबाबदारी आली आहे. ग्रामपंचायत सदस्याला निरक्षर राहून चालायचे नाही. पुन्हा बाटल्यांची चूक नको. रविवारपासून मालनला अक्षरओळख सुरू करत आहे. रोज एक अक्षर. सहा महिन्यांत सही येईल असा माझा अंदाज आहे.

तुझा दादा,
साहेबराव भिवा खरात

•

बोरटाकळी
दिनांक २२ डिसेंबर

गिरिजा वन्सं यांना मालनचा जयभीम.

हे पत्र मी लिहून राह्यले. मीच. कुणाकडून लिहून घेतलं न्हाई. नंदाबाई बाजाराला कुंभार पिंपळगावला जाऊन राह्यल्या, त्या टाकतील.

तुमी दोनदा जयभीम सांगितला तवाच मला कळलं की तुमाला कळलं.

लगीन होऊन आले तवा तुमच्या दादांना नवं नवं लिहिता येऊ लागल्तं. घरात जिथं तिथं चिठ्ठ्या. मीठ कोणतं ते मला चवीनं ठावं. मंग वर जे काढलंय ते मीठच असणार. मिठाचा म आन माझा म एकच हाय हे पयल्यांदा कळलं तवा मी चुलीपुढं येकटीच हसले. डब्यावरून डब्यावर सगळी अक्षरं गावली. जी घरात नव्हती ती भाजीच्या पुडीच्या कागदात गावली. त्यांना सांगितलं न्हाई. ते येवढे खुश असायचे, घरात मला येकट्यालाच येतं म्हणून. त्यांच्या हातून ते कशाला काढून घ्यायचं?

त्या दिवशी कोनाड्यात दोन बाटल्या होत्या. दोनी वाचल्या. बाहेर काकासाहेबाचा आवाज आला, ज्याचं बोट कागदावर न्हाई त्याची घागर हापशावर न्हाई. मंग मी हात लावू नये लिहिलेल्या बाटलीला हात लावला.

ते समजावून राह्यले, दोष तुझा न्हाई, शिक्षणाचा हाय. मला हसू आवरंना. भिंतीकडं तोंड करून बसले.

आता रोज दिवा लावायच्या आधी शिकवून राह्यले. काल म झाला. मी तीनदा चुकले. चौथ्यांदा काढला तर त्यांचे डोळे भरून आले वन्सं. म्हणले, मालन, तुझ्यात गुण हाय.

काल पयली सभा झाली. भिंतीचा ठराव ग्रामसेवकानं लिहून आणला. काकासाहेब त्याच्याच शेजारी बसले होते. नंदाबाईला वाचता येत न्हाई, उषाबाईला न्हाई, बाकी दोघींना बी न्हाई. ग्रामसेवकानं मोठ्यानं वाचलं, भिंत नऊ हात मागं. आन कागद अंगठ्याला फिरवला. माझ्यापाशी आला. त्यात एक हात लिहिलं होतं.

मी प्यायला तांब्या उचलला तो कागदावर सांडला. समदा कागद भिजला. काकासाहेब म्हणले, अडाणी बाई, धड तांब्या धरता येईना, चालल्यात राज्य करायला. मी म्हटलं चुकलं माझं, फिरून लिहा. या बारीला नंदाबाई म्हणल्या, साहेबराव भाऊजी बाहेर बसलेत, त्यांनाच लिहू द्या, त्यांचं कधी परत येत न्हाई.

त्यांनी लिहिला. आकड्यात ९, अक्षरात नऊ, वर लांबी, जाडी आन कोणत्या तारखेला पाडायची ती बी.

मी सावकाश समदा वाचला. मंग अंगठा लावला.

तुमची,
मालन